शब्दचर्चा : ‘चुरस’, ‘चढाओढ’ आणि जपानी ‘क्योसो’

‘स्पर्धा’ या शब्दाला जपानीत काय म्हणावे, असे विचारले की शब्दकोश ‘क्योसो’ हा एकच शब्द पुढे करतात. तो चुकीचा नाही. मात्र ‘चुरस’, ‘चढाओढ’, ‘अहमहमिका’ या सर्वांसाठी तोच वापरला, तर वाक्य व्याकरणशुद्ध असूनही कोरडे वाटते.

‘क्योसो’ हा शब्द मुळात अनुवादासाठी घडवला गेला. जपानमधील तोकुगावा राजवटीच्या अखेरच्या वर्षांत विचारवंत आणि अनुवादक फुकुझावा युकिची यांनी चेंबर्स यांच्या अर्थशास्त्रविषयक पुस्तकाची अनुक्रमणिका सरकारी खजिन्यातील एका अधिकाऱ्यासाठी जपानीत उतरवली, तेव्हा त्यांनी हा जोडशब्द योजला, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. त्यातील दुसऱ्या लिपिचिन्हाचा अर्थ ‘तंटा’ असल्यामुळे, असा अशांत शब्द वरिष्ठांपुढे कसा ठेवावा, हा त्या अधिकाऱ्याला प्रश्न पडला. एक दुकानदार स्वस्त विकतो म्हणून शेजारचा त्याहून स्वस्त विकतो, यालाच हे नाव आहे, असे फुकुझावांनी समजावून पाहिले, परंतु शेवटी तो शब्द काळा करूनच कागद द्यावा लागला. त्या अधिकाऱ्याची धास्ती मला हास्यास्पद वाटत नाही, कारण त्या जोडशब्दातील दोन चिन्हे आजही दोन वेगळ्या क्रियापदांत नांदतात.

पहिल्या चिन्हाचे क्रियापद ‘किसोउ’ आणि दुसऱ्याचे ‘अरासोउ’. ‘वाझा ओ किसोउ’ म्हणजे कौशल्य पणाला लावणे. फुलेसुद्धा सौंदर्यात एकमेकींशी ‘किसोउ’ करतात आणि त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही. ‘अरासोउ’मध्ये मात्र जे एकालाच मिळणार ते मिळवण्याची झटापट असते, मग ते विजेतेपद असो की वडिलोपार्जित संपत्ती. ‘इक्कोकु ओ अरासोउ’ म्हणजे क्षणभरही दवडता येणार नाही, अशी निकड. ही सीमारेषा कडेकोट नाही, कारण विजेतेपदासाठी ‘किसोउ’सुद्धा वापरले जाते, पण वारसाहक्काच्या भांडणाला कोणी ‘किसोउ’ म्हणणार नाही.

‘चुरस’ या आपल्या शब्दाला मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘शिनोगी ओ केझुरु’ हा वाक्प्रचार. ‘शिनोगी’ म्हणजे तलवारीच्या पात्यावरील धार आणि पाठ यांच्यामधली उंच कड. दोन पाती इतक्या जोराने एकमेकांवर घासली जातात की ती कडच झिजते, असे ते चित्र आहे. चुरशीच्या सामन्याला साधेपणाने ‘सेस्सेन’, म्हणजे अगदी जवळची लढत, म्हणतात. ‘चढाओढी’साठी ‘हारिआउ’ पाहावे : ‘हारु’ म्हणजे ताणणे, आणि पुढे जोडलेले ‘आउ’ हे क्रियापद परस्परता दाखवते. मराठी हेच काम शब्दाची जोडी करून साधते, जसे ओढाओढ, मारामारी, खेचाखेच. क्षुल्लक गोष्टीवरून इरेला पेटलेल्या माणसाबद्दलही ‘हारिआउ’ हेच क्रियापद येते.

मराठी भाषकाची चूक बहुधा प्रत्ययात होते. आपण ‘त्याला हरवले’ म्हणतो, म्हणून ‘कात्सु’ला कर्माचा ‘ओ’ जोडण्याचा मोह होतो. पण जपानीत ‘कारे नि कात्सु’ म्हणजे ‘त्याच्यावर विजय मिळवणे’ असाच प्रयोग होतो. ‘ओ’ हवाच असेल तर ‘माकासु’ हे वेगळे क्रियापद घ्यावे. हरणे मात्र ‘नि माकेरु’, आणि स्पर्धा करणे ‘तो किसोउ’, जिथे ‘तो’ म्हणजे आपले ‘शी’.

प्रतिस्पर्ध्यासाठी इंग्रजीतून आलेला ‘राइबारु’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, आणि त्यात वैराची छटा असेलच असे नाही. ‘कोतेकिशु’ म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्धी. ‘शुकुतेकी’ म्हणजे जुना, हाडाचा प्रतिस्पर्धी. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांच्या बेसबॉल संघांना यांपैकी कोणताही शब्द शोभतो. त्यांची पहिली लढत 1903 मध्ये झाली, समर्थकांचा आवेश अनावर झाल्याने 1906 मध्ये ती थांबवावी लागली, आणि 1925 मध्ये पुन्हा सुरू झाली. सारा देश या लढतीला ‘सोकेइसेन’ म्हणतो. ‘सो’ (‘वासेदा’ या नावातील पहिल्या चिन्हाचा दुसरा उच्चार) ‘केइ’च्या, म्हणजे केइओच्या, आधी आला आहे, हे केइओच्या मंडळींना रुचत नाही, म्हणून ते आग्रहाने ‘केइसोसेन’ म्हणतात. आणि केइओ ही फुकुझावांनीच स्थापलेली संस्था आहे.