थांबा जवळ आला, पण बस सुटलीच

रेल्वेतून उतरल्यावर बस पटकन मिळावी म्हणून बसथांबा रेल्वे स्टेशनच्या दाराशी आणा, असं बरेच जण म्हणतात. मान्य. पण खरी गोची वेळापत्रकात आहे. गाडी दर १५ मिनिटांनी आणि बस दर २० मिनिटांनी असेल, तर दोघींची गाठ तासातून एकदाच पडते. एरवी धापा टाकत जिना उतरावा, तर समोर निघालेल्या बसचे मागचे लाल दिवे! स्वित्झर्लंडने १९८२ साली रेल्वेचं देशभर ठरावीक वेळाने गाड्या सोडणारं वेळापत्रक आणलं. तिथे बऱ्याच ठिकाणी बस गाडीच्या जरा आधी पोचते आणि उतरलेल्यांना घेऊनच निघते. याला सिमेंट लागत नाही, रेल्वे आणि बस ही दोन खाती एका टेबलाशी बसावी लागतात (तेच अवघड म्हणा). निदान शेवटच्या गाडीसाठी तरी बस ५ मिनिटं थांबवा.