मदत हवी आहे: ३४ व्या वर्षी वरचा जबडा रुंद करायचा का? मार्पे, शस्त्रक्रिया की नुसते अलाइनर?

काठावरचा

नमस्कार मंडळी,

वय ३४, पुरुष. तीन ऑर्थोडॉन्टिस्टना (दात-जबडा नीट बसवणारे डॉक्टर) दाखवून झालं, तिघांनी तीन वाटा सांगितल्या, म्हणून हा धागा काढतोय.

परिस्थिती अशी: वरचा जबडा अरुंद, टाळू उंच आणि खोलगट. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर यायला हव्यात, त्या आत बसतात, म्हणजे क्रॉसबाइट. पुढच्या दातांची दाटी आहे, एक सुळा तर रांग सोडून वर चढून बसलाय. दिसण्याचं मला फारसं काही नाही. पण रात्री नाक चोंदतं, तोंड उघडं टाकून झोपतो आणि अलीकडे उजवीकडच्या एका दाढेची हिरडी मागे सरकायला लागली आहे. या शेवटच्या गोष्टीने मात्र धसका घेतलाय.

पहिले डॉक्टर म्हणाले, अलाइनर (दातांवर बसवायचे पारदर्शक साचे) लावू, दाढा थोड्या बाहेर ढकलू, जागा आपोआप होईल. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, टाळूत मिनी-स्क्रू बसवून मार्पे करू, म्हणजे त्या स्क्रूंच्या आधाराने जबडा हळूहळू रुंद करू. तिसऱ्यांनी टाळूकडे एक नजर टाकली आणि सांगितलं की या वयात हाड उघडत नाही, थेट मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनना भेटा. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, तिघांपैकी कोणीच सांगितला नाही, सगळा निकाल साध्या ओपीजीवर, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या सपाट एक्स-रेवर. बोलायला तिघेही चांगले, पण ‘माझ्या बाबतीत हेच का’ याचं उत्तर एकाकडूनही मिळालं नाही.

वाचून मला समजलं ते एवढंच, की टाळूच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक शिवण असते. लहानपणी ती कोवळी असते, म्हणून मुलांमध्ये स्क्रू फिरवला की उघडते. मोठेपणी ती घट्ट होत जाते. मग माझी उघडेल की नाही हे आधी कळतं का? ती उघडली नाही आणि आपण स्क्रू फिरवतच राहिलो तर काय होतं? आणि मुळात हे केलंच पाहिजे का? क्रॉसबाइट आहे तसा ठेवून पुढचे दात सरळ करून घेतले तर काय बिघडतं?

स्वतः करून घेतलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. ‘चांगल्या डॉक्टरांना दाखवा’ सोडून काहीही चालेल.

रानजाई

मी २९ व्या वर्षी मार्पे केलं, त्यामुळे अनुभवाचं तेवढं सांगते.

स्क्रू बसवणं ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात टाळूला भुलीचं इंजेक्शन देतात तेच काय ते दुखतं. माझ्या एक्स्पांडरला, म्हणजे टाळूत बसवलेल्या रुंद करायच्या यंत्राला, चार स्क्रू होते आणि दोन्हीकडच्या दाढांना बँड. चावी फिरवायचं काम घरी. चावी म्हणजे दांड्याला बसवलेली जाडसर तार. ती पुढून दिसणाऱ्या भोकात घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलत न्यायची, पुढचं भोक पूर्ण समोर येईपर्यंत. अर्धवट सोडली की पुढच्या वेळी भोकच सापडत नाही आणि आरशासमोर आ वासून घाम फुटतो. चावीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा. हातातून सुटली तर घशात जाऊ शकते, ही भीती उगाच नाही.

सुरुवातीला काहीच झालं नाही. नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांखाली जड वाटायचं, बस. मग एका रात्री चावी फिरवताना कट्‌कन आवाज आला आणि पुढे दोन-तीन दिवसांत समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून शिवण उघडल्याची खात्री करून घेतली. फट पुढे चांगलीच वाढली, लोक बघायचे. वाढवणं थांबल्यावर ती बरीचशी आपोआप मिटली, उरलेली ब्रेसेसनी मिटवली.

खरा त्रास स्वच्छतेचा. एक्स्पांडर आणि टाळू यांच्यामध्ये सगळं अडकतं. पाण्याचा फवारा मारणारं यंत्र आणि बारीक ब्रश दोन्ही लागतात. एका स्क्रूभोवती सूज आलीच होती माझ्या.

दंतकथा

ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. तुमचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाहीये, पण तिघांची उत्तरं वेगळी का आली ते सांगू शकतो.

अरुंद जबडा तीन प्रकारांनी ‘रुंद’ दिसू शकतो. हाडांचे दोन अर्धे शिवणीपाशी एकमेकांपासून दूर गेले, हा एक. दाढा हाडासकट जरा वाकल्या, हा दुसरा. दाढा नुसत्याच बाहेरच्या बाजूला कलल्या, हा तिसरा. आरशात तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेले अलाइनर मोठ्या माणसात मुख्यतः तिसरा प्रकार करतात. थोडीच जागा हवी असेल आणि दाढा आधीच आतल्या बाजूला कललेल्या असतील तर ते योग्यही ठरतं. पण दाढा आधीच बाहेर कललेल्या असल्या आणि दाढांच्या गालाकडच्या बाजूचं हाड पातळ असलं, तर त्यांना आणखी ढकलणं म्हणजे मुळं हाडाच्या बाहेर काढणं. हिरडी मागे सरकायचं ते एक ठरलेलं कारण आहे. तुमची एक हिरडी आधीच सरकते आहे, म्हणून ‘आपोआप जागा होईल’ हे वाक्य मला पटलं नाही.

आता शिवण. ती बंद होण्याचं ठरावीक वय नाही. विशीतल्या एखाद्याची पार एकजीव झालेली असते आणि चाळिशीतल्या एखाद्याची अजून उघडी सापडते. २०१३ मध्ये सीबीसीटीवरून शिवणीच्या ए ते ई अशा पाच अवस्था मांडल्या गेल्या. ए म्हणजे जवळजवळ सरळ रेघ, बी म्हणजे नागमोडी, सी मध्ये दोन समांतर रेघा जवळजवळ येतात, डी मध्ये मागचा भाग एकजीव झालेला आणि ई मध्ये पुढचाही. उपयोगी आहे, पण एकच स्कॅन दोन डॉक्टर वेगळा वाचतात हेही खरं. शिवाय अडवणारी एकटी शिवण नसते. गालफडाच्या हाडाचा आधार आणि जबड्यामागचा सांधा हे दोघे जास्त जोर लावून धरतात. म्हणून शिवण कोवळी दिसूनही मार्पे अडतं. वय वाढेल तशी, आणि विशेषतः पुरुषांमध्ये, न उघडण्याची शक्यता वाढते. ३४ हा खरोखर काठावरचा आकडा आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी एका नजरेत निकाल दिला तो चुकीचाच असेल असं नाही, पण स्कॅनशिवाय देण्यासारखा नव्हता.

मुलांना लावतात तो एक्स्पांडर फक्त दाढांना धरतो. मोठ्या माणसात हाड हलत नाही, मग तोच जोर दाढांवर येतो. मार्पेचे स्क्रू टाळूच्या हाडातून आरपार नाकाच्या तळापर्यंत जातात, म्हणजे वरचा आणि खालचा असे हाडाचे दोन्ही कठीण थर धरतात. त्यामुळे जोर हाडावर पडतो. स्क्रू किती लांबीचे घ्यायचे हे टाळूच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी स्कॅनमध्येच दिसते. माझ्या मते इथे स्कॅन टाळण्यात काही अर्थ नाही.

‘उघडली नाही तर?’ हा प्रश्न तुम्ही सही विचारलात. नेहमीच्या स्क्रूला एका वेळी साधारण पाव मिलिमीटर रुंदी मिळते, बनावटीनुसार कमीजास्त. ठरलेल्या फेऱ्या होऊनही समोर फट नाही, एक्स-रेत शिवण बंद आणि दाढा कललेल्या दिसतायत, तर थांबायचं. पुढे रेटलं तर स्क्रू वाकतात, कधी एकाच बाजूला जास्त रुंदी येते, दाढांचं हाड झिजतं. कुठे थांबणार हे सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जाता जाता: ही कल्पना नवी नाही. १८६० मध्येच इमर्सन एंजेल यांनी एका किशोरवयीन मुलीची शिवण स्क्रूने उघडल्याचं लिहिलं होतं. समकालीनांनी ते मानलं नाही. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांच्या लेखानंतर ती पुन्हा रुळावर आली. नवीन आहे ते मोठ्या माणसांसाठी स्क्रूचा आधार घेणं.

आणि एक काम घरी करून बघा. आरशासमोर बसा, जबडा सैल सोडा, हळूहळू दात जवळ आणा आणि पहिला दात टेकताच थांबा. मग पूर्ण चावा. हनुवटी एका बाजूला सरकते का?

पिंगळा

नाकाबद्दल थोडं. टाळू हीच नाकाची जमीन, त्यामुळे हाड खरंच रुंद झालं तर नाकाची पोकळीही वाढते आणि काहींना श्वास मोकळा वाटतो, हे बरोबर. पण आजकाल जो तो झोपेतल्या श्वासाच्या त्रासावर एक्स्पांडर सुचवायला लागलाय, तिथे जपून. घोरणं असेल, दिवसा पेंग येत असेल, तर आधी झोपेची तपासणी करा. पडदा वाकडा आहे का, ॲलर्जी आहे का हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या. ॲलर्जीने सुजलेलं नाक जबडा रुंद करून बरं होत नाही.

हौशी_हरकत

जीभ टाळूला चिकटवून ठेवायचे व्यायाम केले की जबडा आपोआप रुंद होतो म्हणतात. आधी ते का करून बघू नये?

दंतकथा

जिभेची सवय सुधारणं चांगलंच, मिळालेली रुंदी टिकायलाही मदत होऊ शकते. पण मोठ्या माणसाचं हाड त्याने सरकतं याला भरवशाचा पुरावा नाही. रात्री लावून सकाळी काढायच्या प्लेटचंही तेच. ती मोठ्यांमध्ये दातच कलवते.

निवांत_नाना

मी ४१ व्या वर्षी सार्पे केलं, म्हणजे शस्त्रक्रियेची मदत घेऊन रुंद करणं. मार्पेचा प्रयत्न आधी झाला होता, शिवण हलली नाही.

संपूर्ण भूल देतात. दंतकथा यांनी लिहिलं ते गालफडाकडचे आधार कापून सैल करतात, आणि टाळूची शिवण मधोमध फोडतात. सगळे काप तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर खूण नाही. जबडा लगेच ताणत नाहीत. काही दिवस थांबून मग रोज थोडं थोडं फिरवायचं. चेहरा सुजून भोपळा होतो, नाकातून अधूनमधून रक्त येतं, वरचा ओठ आणि हिरड्या बऱ्याच काळ बधिर राहतात. माझी एका बाजूची बधिरता पूर्ण गेली नाही अजून, सवय झाली. धोक्यांच्या यादीत पुढच्या दातांना इजा होणं आणि दोन्ही बाजू असमान उघडणं हेही होतं, ते आधी सांगितलं होतं.

रुंदी मिळाल्यावर एक्स्पांडर लगेच काढत नाहीत. फटीत नवीन हाड भरायला काही महिने लागतात, तोवर तो तसाच. घाई करून काढला की जबडा मागे येतो. परत करावं लागलं तर करेन का? करेन. दोन्ही बाजूंनी चावता येतं याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

काठावरचा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. आरशातला प्रयोग केला. पहिला दात टेकतो तेव्हा हनुवटी मधोमध असते, पूर्ण चावताना ती स्पष्टपणे उजवीकडे सरकते. पहिल्या स्पर्शाला डावीकडच्या दाढाही टोकाला टोक येतात. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि वरचं रुंद केलं तर खालच्या जबड्याचं काय?

दंतकथा

मग अरुंदपणा बहुधा दोन्ही बाजूंचा आहे आणि चावायला जागा मिळावी म्हणून खालचा जबडा उजवीकडे सरकून बसतो. म्हणून क्रॉसबाइट एकाच बाजूला दिसतो. पण ३४ वर्षांत हाडाची वाढही त्या बाजूला झुकलेली असू शकते, ते स्कॅनवर तपासावं लागेल. दोन्ही बाजू अरुंद असतील तर नुसत्या उजव्या दाढा ढकलून काम होणार नाही, हे पहिल्या डॉक्टरांना विचारा.

खालच्या जबड्याची मधली शिवण जन्मानंतर वर्षभरातच बंद होते, त्यामुळे तिथे असा एक्स्पांडर चालत नाही. पण वरच्या अरुंद जबड्याशी जुळवून घेताना खालच्या दाढा बऱ्याचदा आतल्या बाजूला कललेल्या असतात. त्या सरळ केल्या की खरा फरक किती मिलिमीटर आहे ते कळतं, आणि तो आज दिसतो त्यापेक्षा जास्त निघू शकतो. तो आकडा तिन्ही डॉक्टरांना विचारा. लहान असेल तर ब्रेसेसवर भागेल. मोठा असेल तर मार्पे की सार्पे हा प्रश्न येतो. आणि जबडा पुढे-मागे करण्याची शस्त्रक्रियाही लागणार असेल तर त्यातच रुंदी मिळवता येते का, तेही सर्जनना आधीच विचारून ठेवा.

क्रॉसबाइट तसाच ठेवायचा का? ठेवतात लोक. हिरड्या निरोगी, सांधा दुखत नाही, चावायला अडचण नाही, तर मीही रुग्णांना ‘राहू द्या’ म्हणतो. तुमच्याकडे हिरडी सरकतेय, म्हणून आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्या हिरडीचं कारण कळल्याशिवाय आणि तिथली सूज आटोक्यात आल्याशिवाय कोणताच स्क्रू फिरवू नका. सिगारेट ओढत असाल तर स्क्रू सैल होण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो, तेही डॉक्टरांना सांगा.

काठावरचा

सिगारेट नाही. हिरड्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. स्कॅन दुसऱ्या डॉक्टरांकडून लिहून घेणार आहे. स्कॅनमध्ये शिवण, टाळूची जाडी आणि दाढांच्या बाहेरचं हाड या तिन्हीवर त्यांचं मत मागतो. थांबायचं कधी, तेही विचारतो.

शेवटचा एक प्रश्न, रानजाई आणि नाना दोघांना: माझं काम दिवसभर फोनवर बोलण्याचं आहे. बोलणं किती बिघडतं?

रानजाई

सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ची पार वाट लागते, तोंडात लाळ साचते ते वेगळंच. मोठ्याने वाचायचा सराव केला. आठवडा-दोन आठवड्यांत फोनवरच्या माणसाला कळेनासं झालं, मला मात्र एक्स्पांडर निघेपर्यंत जाणवायचं. बसवायची वेळ सुट्टीच्या आदल्या दिवशीची घ्या.

निवांत_नाना

शस्त्रक्रिया ठरली तर सुट्टीचा एक दिवस पुरणार नाही, सरळ दोन आठवड्यांची रजा टाका. सुजलेल्या तोंडाने बोलणं जमतं, पण ऐकणाऱ्याची दया येते.