हेलिकॉप्टर उडवून कंबर धरते: दोष थरथरीचा की बसण्याचा?

सोनेगावचा_पायलट:
नमस्कार मंडळी. वय ३९, चार्टरवर बेल २०६ उडवतो. नागपूर–गडचिरोली फेऱ्या जास्त. जाताना काही नाही, पण परतीला नागभीड मागे पडलं की कंबरेच्या उजव्या बाजूला ठणका सुरू. उतरल्यावर दोन मिनिटं दार धरून उभा राहतो, काहीतरी तपासतोय असं दाखवत. ग्राउंडच्या पोरांना कळलंय बहुतेक. एमआरआय स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बाइक बंद करा. माझ्याकडे बाइकच नाही! बायकोनं चार इंची फोमची गादी मागवलीय. सीटवर टाकू का?

जुना_चेतकवाला:
गादी परत करा. मऊ जाड फोम थरथर शोषत नाही, हळू हादरे उलट वाढवतो. आणि कधी आदळून उतरावं लागलं तर माणूस आधी फोमात धसतो, मग सीटवर आपटतो. मणक्याची वाट.

आता स्वतःकडे बघा. डावा हात खाली कलेक्टिव्हवर (वर-खाली न्यायचा दांडा), उजवा मधे सायक्लिकवर (दिशेला कलवायची काठी), पाय पेडलवर. उजवा हात मांडीवर टेकवायला पुढे वाकतो, कलेक्टिव्हसाठी डावीकडे कलतो. असं तासभर घरच्या सोफ्यावर बसून बघा, सोफा काय थरथरतो? १९८४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी माणसांना नकली कॉकपिटात दोन-दोन तास बसवलं, एकदा कंपनासह, एकदा कंपनाविना. दुखणं दोन्ही वेळा जवळपास तेवढंच! मी मात्र नोकरीभर रोटरलाच, म्हणजे डोक्यावरच्या पंख्यालाच, शिव्या घातल्या.

थरथर अगदीच निर्दोष नाही. तुमच्या रोटरचे मिनिटाला ३९४ फेरे, म्हणजे सेकंदाला साडेसहा. पाती दोन, म्हणून नेहमीचा ठोका सेकंदाला तेरा. मणका सर्वांत जास्त डोलतो तो सेकंदाला ४ ते ६ हादऱ्यांच्या आसपास. म्हणून फेऱ्यामागे एक असा हेलकावा जाणवला की सोसत बसू नका, टेक-लॉगमध्ये (बिघाड नोंदवायच्या वहीत) लिहा, ट्रॅक-बॅलन्स करून घ्या, म्हणजे पाती एका पातळीत आणि तोलात आणून घ्या.

मी शेवटी शेवटी छोटा टॉवेल गुंडाळून कंबरेच्या खोलगटात ठेवायचो. पण टॉवेल लावून सीटवर बसलात की आधी उडण्यापूर्वीच सायक्लिक पूर्ण मागे येते का ते बघा. पायात मुंग्या आल्या तर मात्र टॉवेल-बिवेल सोडा, सरळ डॉक्टर गाठा.

उमरेडचा_राजा:
राजेहो, आमचा रोटर म्हणजे खाणीतला रस्ता. मी डंपर चालवतो. पानी पडलं की खड्डे, मंग कंबर. आमच्या सीटखाली आपल्या वजनाले जुळवाचा नॉब असते, पन कोनी फिरवतच नाही. मी ६२ किलोचा, नॉब ११० वर! तो खाली आनला तवा कुठं झोप लागली. तुमच्या सीटले असं काही नाही का?

जुना_चेतकवाला:
नाही हो भाऊ, २०६ ची सीट पक्की बसवलेली. तुम्हीच सुखी.

सोनेगावचा_पायलट:
सर, गादी परत घेत नाहीत म्हणे, दिवाणावर टाकली. मागे बसलेल्या इंजिनीअरला उडताना माझा फोटो काढायला लावला: डावा खांदा चार बोटं खाली. बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतही तसाच आहे.

काल टॉवेल लावून दोन फेऱ्या केल्या. नागभीड कधी गेलं कळलंच नाही. ठणका आला, पण थेट पुढे उमरेडला. राजाभाऊ, खाली तुमचे डंपर दिसत होते, रस्त्यावर टँकर पाणी मारत होता.