अर्धवट भरलेल्या रांजणखळग्यातून बाहेर कसं पडायचं?

ओलीवाट: वालुकाश्मातल्या अरुंद घळीत चौघे उतरणार आहोत. वाटेतला रांजणखळगा (पाण्याने दगडात कोरलेला खोल खड्डा) काठोकाठ भरलेला असेल तर पोहून निघता येईल. पण पाय टेकत नाहीत आणि पलीकडचा काठ पाण्यापासून सहा-सात फूट वर, अशा वेळी काय करता? दोन दोर, जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड), प्रुसिक (तेच काम करणारी दोरीची गाठ) आहेत.

दोरकरी: पहिला माणूस पलीकडे चढून बसेपर्यंत मागचा दोर, म्हणजे ज्यावरून उतरलात तो, ओढून घेऊ नका. दोर काढला आणि काठ जमला नाही, तर चौघेही आत अडकलात. पहिल्याला एकट्यालाच उतरवा, बाकीचे अलीकडच्या काठावर थांबा. उडी नको, गढूळ पाण्यात तळ किती खाली आहे ते दिसत नाही.

कंबरभर पाणी असेल तर दोघे पुरतात. खालच्याने भिंतीला पाठ लावून गुडघे किंचित वाकवायचे. चढणाऱ्याने आधी मांडीवर, मग खांद्यावर पाय द्यायचा, तोही मानेजवळ. खांद्याच्या टोकावर दिला की खालचा कलंडतो. काठावर छाती टेकली की कोपर पुढे सरकवत पोटावर घसटत जायचं. ओल्या शेवाळी दगडावर उभं राहायची घाई केली की माणूस परत आत.

खडकवेडा: पाय टेकत नसतील तर खांदा कुठून आणणार? तिथे वाळूच्या पिशव्या. जाड कापडाच्या दोन पिशव्या, प्रत्येकी पाच-सहा किलो, एकाच दोराला मीटरभर अंतरावर बांधा. पलीकडच्या काठावरून पुढच्या खळग्यात जातील अशा फेका. वजन आणि दगडाशी होणारं घर्षण दोर धरून ठेवतं. पाण्यात तरंगत फेकायला जोर मिळत नाही, म्हणून अलीकडच्या काठावरूनच फेका. दोर आधी सुटा पसरून ठेवा, नाहीतर गुंता पिशवीला अर्ध्यात अडवतो.

मग हळूहळू ओढून बघा, दोघांचा भार टाका. तरीही हा अँकर (दोराचा पक्का आधार) नव्हे, सुटू शकतो. जुमारवर पायाची लूप लावून झटका न देता चढा. खाली पाणी उथळ असेल तर हा प्रकार टाळा.

दोरकरी: भर घालतो: ओढताना पिशवी सुटली तर सरळ तोंडावर येते. हेल्मेट घाला, दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

ओलीवाट: वाळू कुठे भरायची? आणि पहिला वर गेल्यावर?

खडकवेडा: खळग्यांच्या पट्ट्याआधीच, कोरड्या तळातून. पट्ट्यात शिरल्यावर वाळू सगळी पाण्याखाली असते. वर गेलेल्याने काठापासून मागे बसून, टाचा खाचेत रोवून दोर हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याला) लावावा. नुसत्या हातांनी ओढायला गेला तर तोच खाली येईल.

गारठा: थंडीचा हिशेब यात राहून गेला. वेटसूट असला तरी पाण्यातला माणूस बोलताना अडखळायला लागला, बोटांना कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उघडेना, की त्याला मागच्या दोराने बाहेर काढा आणि दुसऱ्याला उतरवा. दोर जागेवर ठेवायचा तो यासाठीही.