लग्नात फ्लॅश स्टँडवर की कॅमेऱ्यावर?

उजेडवेडा
लग्नात मुख्य फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्यावरून सरळ मारलेला उजेड सपाट पडतो, पैठणीच्या जरीला उठाव राहत नाही. तोच फ्लॅश स्टँडवर, चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला नि जरा उंच ठेवा, नथीचा मोतीही गोल दिसतो. लांबचा फ्लॅश बिनतारी उडवणारे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ ट्रिगर आता परवडतात, खांबाआडूनही फ्लॅश उडतो. मग अडतं कुठे?

दोन_कॅमेरे
गर्दीत अडतं. अक्षता पडायला लागल्या की माणसं बोहल्याकडे सरकतात. गेल्या मोसमात माझा स्टँड एका आजींच्या अंगावर कलला. साथीदाराने धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी बाउन्स करतो, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून उजेड तिथून खाली आणतो. छत पांढरं आणि दहा-बारा फुटांवर असेल, तर उजेड छान मऊ येतो.

उजेडवेडा
आजींचं वाचून धस्स झालं. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी हवीच, नाहीतर फ्लॅश मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या दांडीवर लावून साथीदाराच्या हातात द्यावा. पण छत दरवेळी पांढरं कुठे मिळतं? लॉनवर तर छतच नाही. मंडपाला केशरी कापड असलं की उजेड तोच रंग घेऊन खाली येतो आणि नवरीचा चेहरा केशरी होतो.

१/१६
खरा प्रश्न अंतराचा आहे. सप्तपदीत जोडपं चालतं, स्टँड जागेवरच. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, म्हणजे पुरे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). टीटीएल, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणारी सोय लावावी, तर ती पांढरा शालू आणि काळा कोट बघून दर फोटोला वेगळं मोजतं. विधींना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बरा, तो आपल्याबरोबर चालतो. स्टँड रिसेप्शनला लावा.

जुना_स्लेव्ह
आणि पैसे वाचवायला रेडिओ ट्रिगरऐवजी ऑप्टिकल स्लेव्ह घेऊ नका. तो कोणाचाही फ्लॅश पाहून उडतो. मुलाकडच्यांनी वेगळा फोटोग्राफर आणला होता, त्याच्या प्रत्येक क्लिकला माझाही फ्लॅश उडत राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत सेल बसले आणि हार घालतानाचे फोटो हुकले. त्या मुलीला काय सांगायचं, तेच सुचेना.

उजेडवेडा
@१/१६, स्टँड २ मीटरवर ठेवला तर तुमचं बरोबर. ४ मीटरवर ठेवा. मग जोडपं मीटरभर लांब गेलं तरी फरक जेमतेम पाऊण स्टॉपच्या आत राहतो. पॉवर चौपट लागते आणि उजेड थोडा कडक होतो, तेवढं मी सोसतो. पॉवर मॅन्युअलवरच, म्हणजे हाताने ठरवलेली.

दोन_कॅमेरे
४ मीटर मागे म्हणजे पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये. तिथे स्टँडपाशी एक माणूस उभा करावा लागणार. त्याचे पैसे तुम्ही पॅकेजमध्ये धरता का? माझ्याकडचे यजमान तर दुसऱ्या माणसाचं नाव काढलं की घासाघीस सुरू करतात.