मुलाखतीच्या पाऊण तासात माणसाची सचोटी कळते का?

धागाकर्ता (टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता)

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. सुताच्या गोदामासाठी स्टोअरकीपर नेमायचा म्हणून गेल्या आठवड्यात सात जणांच्या मुलाखती घेतल्या. सुताच्या गोण्या उतरवून घेणे, काट्यावर वजन तपासणे, मागांसाठी सुताचे कोन (शंकूवर गुंडाळलेले सूत) काढून देणे आणि वेस्टेजचा, म्हणजे वाया गेलेल्या सुताचा, हिशेब ठेवणे, हे सगळे एकाच माणसाच्या हातात असते आणि मालक प्रत्येक गोणीपाशी उभा राहू शकत नाही. म्हणून संगणकावर नोंदी करता येतात का हे मी दहा मिनिटांत पाहतो आणि उरलेला वेळ माणूस समजून घेण्यात घालवतो. आधीच्या मालकाबद्दल तो कसा बोलतो, फाटकावरच्या वॉचमनशी बोलताना त्याचा सूर कसा होता, चहा आणून देणाऱ्या मुलाकडे त्याने पाहिले तरी का, यांवरून स्वभाव कळतो असे माझे मत आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी माणसाचीही होते.

या वेळी कामात सर्वांत जाणकार वाटलेला उमेदवारच मी नाकारला. तो पूर्ण वेळ टेबलाकडे पाहून बोलत होता. आधीची नोकरी का सोडली असे विचारल्यावर बराच वेळ थांबला आणि "अडचण होती" एवढेच म्हणाला. काहीतरी दडवतो आहे असे मला वाटले. माझ्या धाकट्या भावाने हरकत घेतली आणि ती हरकत मनातून जात नाही, म्हणून विषय इथे मांडतो आहे. काम शिकवता येते, सचोटी शिकवता येत नाही. मग मुलाखतीत आधी तीच पाहणे चूक आहे का?

प्रतिसाद १ (भरती विभाग, गणवेश उद्योग)

दादा, तुमचा हेतू मला पटतो. तुम्ही वापरलेली मापे मात्र धोक्याची वाटतात. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत मी चौदा वर्षे भरतीचे काम करते. माझे माहेर पूर्व भागातले. घरी आम्ही तेलुगू बोलायचो आणि वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोललेले आमच्याकडे चालत नसे. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी प्रत्येक उत्तर आधी मनात मराठीत जुळवून मग बोलत होते, त्यामुळे थांबत होते. समोरच्या साहेबांनी त्या थांबण्याचा अर्थ काय लावला असेल, हे मला आज कळते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चारही भाषा घरांत बोलल्या जातात. अशा गावात अडखळण्यावरून खोटेपणा ठरवणे अन्यायाचे आहे.

खोटे बोलणारा चेहऱ्यावरून ओळखू येतो, ही समजूतही तपासली गेली आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी 54 टक्के निर्णय बरोबर निघाले. नाणे उडवून ठरवले तरी पन्नास टक्के बरोबर येतात.

आणखी एक विचार करा. तो आधीच्या मालकाबद्दल वाईट बोलला असता तर तुम्ही त्याला कृतघ्न ठरवले असते. तो गप्प राहिला, तर तुम्ही दडवतो म्हणालात. तुमच्याच कसोटीवर तो कदाचित उत्तीर्ण झाला होता.

प्रतिसाद २ (निवृत्त बँक अधिकारी, सात रस्ता)

ताईंनी मांडलेला भाषेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरून शील तपासूच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवेच्या मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. तिला 2025 पैकी 275 गुण आहेत आणि त्यात पाहायच्या गुणांच्या यादीत बौद्धिक व नैतिक सचोटीचा स्पष्ट उल्लेख आहे. सैन्यातील अधिकारी निवडताना सेवा निवड मंडळ उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेते. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानी कामे करवून घेणारा अधिकारी असे तिघे त्याला वेगवेगळे तपासतात. मनसा, वाचा, कर्मणा हीच त्या पद्धतीची सूत्रे आहेत. माणूस जे मनात आणतो, जे बोलतो आणि जे करतो, ते एकमेकांशी जुळते का हे पाहायचे.

मी स्वतः रोखपालांच्या नेमणुका पाहिल्या आहेत. गोड बोलणारा आणि सरळ माणूस यांत फरक असतो, आणि तीस वर्षे काउंटरमागे बसलेल्याला तो जाणवतो.

प्रतिसाद ३ (वकील)

सैन्याच्या पाच दिवसांचा दाखला आपल्या पाऊण तासाला लागू पडत नाही. पाऊण तासात फक्त 'वाचा' तपासली जाते, उरलेल्या दोन गोष्टींचा आपण अंदाज बांधतो.

मुलाखत घेणाऱ्याला फार मोकळीक दिली की काय होते, हे न्यायालयाने 1980 सालीच पाहिले आहे. अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी 150 पैकी 50 गुण तोंडी परीक्षेला ठेवलेले होते आणि उमेदवारांच्या तक्रारीनुसार प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली होती. एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून अधिक गुण तोंडी परीक्षेला ठेवणे मनमानीचे ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. खासगी कारखान्याला हे नियम लागू नाहीत, हे खरे. त्यामागची भीती मात्र तीच आहे.

प्रतिसाद ४ (निवृत्त बँक अधिकारी)

वकीलसाहेब, सरकारने मुलाखती बंद केल्या त्या वशिला आणि लाच थांबवण्यासाठी. तिथे शंका परीक्षकाच्या सचोटीबद्दल होती. इथे मालक स्वतःच्या पैशाने माणूस नेमतो आहे; वशिला लावून तो स्वतःलाच का फसवेल?

प्रतिसाद ५ (नोकरीच्या शोधात, वाणिज्य पदवीधर)

एका दुकानात मला हिशेबनीस म्हणून बोलावले होते. केबिनमध्ये एकटीला बसवून ठेवले आणि खुर्चीजवळ पाचशेची नोट पडलेली होती. मी ती उचलून टेबलावर ठेवली. नंतर मालक हसून म्हणाले, "पास झालात." मला त्या नोकरीची गरज होती, तरी मी गेले नाही. ज्याने पहिल्याच भेटीत मला चोर समजून सापळा लावला, त्याच्या तिजोरीची किल्ली हातात घेण्याचे मला धैर्य झाले नाही. आपण उमेदवाराची पारख करत असतो तेव्हा उमेदवारही आपली पारख करत असतो, हे काका आणि दादांनी ध्यानात घ्यावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद ६ (स्टोअरकीपर, चिंचोळी एमआयडीसी)

बावीस वर्षे मी सुताच्या गोदामात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सुती धागा हवेतला दमटपणा शोषून घेतो. व्यापारात कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा प्रमाण मानतात. आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की पन्नास किलोच्या गोणीत अर्धा-पाऊण किलोची तूट सहज दिसते, आणि पावसाळ्यात तेच सूत पुन्हा जड होते. ज्या नोंदवहीत बारा महिने आवक-जावकीचा मेळ किलोला किलो बसतो, ती वही मला संशयास्पद वाटते. कोणीतरी आकडे घरी बसून जुळवलेले असतात. सरळ माणसाच्या वहीत तूट दिसते, तिच्यापुढे तारीख असते, कारण असते आणि ज्याला ती तूट दाखवली त्याची सही असते.

म्हणून मी उमेदवाराला एवढेच विचारतो, "उन्हाळ्यात गोणी कमी भरली तेव्हा तुम्ही काय लिहिलेत, आणि कोणाला सांगितलेत?" ज्याने तूट लपवून वेस्टेजमध्ये ढकललेली असते, तो बहुधा सांगतो की आमच्याकडे कधी तूट आलीच नाही. ज्याने प्रामाणिकपणे काम केले आहे, त्याला त्या तुटीवरून मालकाशी झालेली वादावादी आठवते आणि तो ती सगळी सांगू लागतो. इतका वेळ खाली पाहणारा माणूसही तिथे मान वर करतो. दादा, तुम्ही त्या उमेदवाराला गोदामातले काही विचारले होते का?

प्रतिसाद ७ (भरती विभाग, गणवेश उद्योग)

हा प्रश्न मला मनापासून आवडला, तरी एक सावधगिरी सांगते. हे उत्तर अनुभवी पण लबाड माणूसही पाठ करून देऊ शकेल, आणि नवख्या प्रामाणिक मुलाला ते देताच येणार नाही. तरीही स्वभावाबद्दल मोघम विचारण्यापेक्षा घडलेला प्रसंग विचारणे केव्हाही चांगले. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींच्या जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. सर्वांना तेच ठरलेले प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धत असलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध 0.42 निघाला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ). हे आकडे कामगिरीचे आहेत, शीलाचे नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करते.

काकांना आदराने विचारते, बँकेने तरी केवळ पारखीवर विसंबून तिजोरी सोपवली का? रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या परिपत्रकानुसार संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावे लागते, म्हणजे त्या काळात दुसरा माणूस त्याचे काम पाहतो. माणूस कितीही पारखून घेतला तरी ही तरतूद ठेवावी लागते. गोदामात दोन जणांनी वजन करून दोघांनी सही करावी, ही व्यवस्था दादांच्या पाऊण तासापेक्षा अधिक राखण करील.

प्रतिसाद ८ (निवृत्त बँक अधिकारी)

दोन सह्या आम्हीही घेत होतो, ताई. पण दोघे संगनमत करतात तेव्हा त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही, हे मी शाखेत पाहिले आहे. शेवटी दोघांपैकी एक तरी असा लागतो, जो नकार देईल. तो कसा ओळखायचा, हा दादांचा प्रश्न अजून तसाच आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. तीस वर्षांच्या अनुभवाचा आधार मी वर दिला खरा, पण मी नाकारलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ते सरळ निघाले की नाही, हे मला कधीच कळले नाही. ज्यांना घेतले तेवढ्यांवरूनच माझी नजर बरोबर आहे असे मी समजत आलो, हे आज लिहिताना ध्यानात आले.

धागाकर्ता

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. प्रामाणिकपणे सांगतो, गोदामातला एकही खोल प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. जाणकार आहे हे कळल्यावर तो विषय मी तिथेच सोडला. भाषेचा विचारही मनात आला नव्हता. त्याचे घर अशोक चौकाच्या बाजूला, तेलुगू वस्तीत आहे, त्यामुळे ताई म्हणतात ते शक्य आहे.

वॉचमनशी वागण्याची माझी कसोटी मात्र मी सोडणार नाही. गोदामात हमालांशी रोज गाठ असते आणि तिथे उर्मट माणूस मला नको. ती सातही जणांना सारखीच लावीन, एवढे मान्य करतो. त्याला आज फोन केला आहे. शनिवारी तो येईल, भाऊ आणि मी दोघे बसू, दहा गोण्या काट्यावर लावून नोंद करायला सांगू आणि आपापले गुण एकमेकांना न दाखवता लिहू.

प्रतिसाद ९ (भरती विभाग, गणवेश उद्योग)

दादा, शनिवारी काय करायचे आहे हे त्याला आधीच कळवा, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. हवी तर बोलणी तेलुगूत होऊ देत. तुमच्या मागांवर तेलुगू बोलणारा जुना जॉबर (मागांवरचा मुकादम) असेलच, त्याला जवळ बसवा.