पुस्तकांविषयीचे लेख एकमेकांना धाडणे हे वाचन नव्हे काय?

खूणपट्टी

गेल्या आठवड्यात एकपान यांनी येथे लिहिले होते की, पुस्तकांविषयीचे लेख शोधून त्यांचे दुवे वाटणारी माणसे स्वतः पुस्तके वाचत नाहीत, वाचल्याचे समाधान तेवढे पदरात पाडून घेतात. तेव्हा मी दोन ओळींचे उत्तर दिले आणि गप्प बसलो. पण ते वाक्य काही केल्या मनातून जाईना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाढलो. गावात वह्या आणि पाठ्यपुस्तके विकणारी दोन दुकाने होती, कादंबरी किंवा कवितासंग्रह विकणारे एकही नव्हते. वाचनालयात मात्र ‘ललित’ येत असे. केशवराव कोठावळे यांनी १९६४ च्या जानेवारीत सुरू केलेले हे मासिक आमच्या हाती लागेपर्यंत त्याचे कोपरे दुमडलेले असत. आधी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने येणारे जयवंत दळवी यांचे विनोदी सदर वाचायचे, मग बाकीचा अंक, आणि शेवटी नव्या पुस्तकांच्या जाहिरातीसुद्धा सोडायच्या नाहीत, असा आमचा क्रम होता. त्यात ज्यांची नावे वाचली, त्यांपैकी कितीतरी पुस्तके मला दहा-पंधरा वर्षांनी, नोकरीला लागल्यावर मिळाली. अशी पुस्तके जगात आहेत हे आधी कळले होते, म्हणूनच ती शोधता आली.

आज मी दर रविवारी अकरा जणांना एकच दुवा पाठवतो आणि तो का पाठवला हे तीन-चार ओळींत लिहितो. मध्यंतरी मराठी विश्वकोशात रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची नोंद वाचत होतो. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे ते संपादक, आणि १८७१ ची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यांची. परीक्षेसाठी हे नाव मी पाठ केले होते, पण पुस्तक कधी पाहिले नव्हते. शोधल्यावर स्कॅन केलेली प्रत सापडली आणि नोंदीबरोबर तिचाही दुवा मी अकरा जणांना धाडला. त्यांपैकी एका निवृत्त शिक्षिकेने पुढच्या पंधरवड्यात ती कादंबरी संगणकावर मोठी करून संपूर्ण वाचली आणि मला फोनवर पाऊण तास तिच्याविषयी सांगितले. ही दीडशे वर्षांपूर्वीची कादंबरी त्यांच्यापर्यंत दुव्यावाचून कशी पोहोचली असती, हे एकपान यांनी मला समजावून सांगावे.

एकपान

माझ्यावर स्वतंत्र धागा निघाला आहे, तेव्हा सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्याच उदाहरणात माझे उत्तर आहे. ‘ललित’ महिन्यातून एकदा येत असे. तो एका बैठकीत वाचून झाला की उरलेले दिवस पुस्तकांसाठी मोकळे असत. आज संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर सहा लेख येऊन पडतात आणि प्रत्येक पाठवणाऱ्याची अपेक्षा असते की मी रात्रीपर्यंत अभिप्राय कळवावा.

मी वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवतो. तीन वर्षांपूर्वी त्या वहीत एकतीस पुस्तकांची नोंद आहे, गेल्या वर्षी नऊ. त्याच वर्षी मी पुस्तकांविषयीचे दोनशेहून अधिक लेख साठवून ठेवले. डोळे तेच आणि वेळही तेवढाच असताना बावीस पुस्तके कोठे गेली, याचा शोध मी घेतला आणि मला मिळालेले उत्तर मी गेल्या आठवड्यात लिहिले. ते आपणास झोंबले असेल, तर मी पहिल्यांदा ते स्वतःला लावून पाहिले होते एवढेच सांगतो.

शिवाय हे लेख असतात तरी कसे? बहुतेक लेख म्हणजे पुस्तक परिचय असतात. कथानक सांगून टाकायचे, मुखपृष्ठाचे कौतुक करायचे, आणि ‘प्रत्येकाने आवर्जून वाचावे’ असे म्हणून थांबायचे. पुस्तकाचा लेखक परिचय लिहिणाऱ्याचा स्नेही असतो आणि पुढच्या महिन्यात तोच उलट परिचय लिहितो. पुस्तक फसले आहे असे स्पष्ट म्हणणारे परीक्षण मला वर्षभरात दोनदाच वाचायला मिळाले.

नोंदवही

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो, म्हणून देवघेवीच्या टेबलावरून जे दिसले ते सांगतो. रविवारच्या पुरवणीत एखाद्या पुस्तकावर चांगले लिहून आले की सोमवारी सकाळी दार उघडण्याआधी दोन-तीन सभासद कात्रण हातात धरून उभे असत. आता लोक फोन पुढे करतात, एवढाच फरक आहे. लेख वाचणारा पुस्तकाकडे येतच नाही, हे विधान माझ्या टेबलाला मान्य नाही. सगळेच येत नाहीत, हे मात्र मान्य आहे. कात्रणे खिशात ठेवून फिरणारेही होतेच.

माझी तक्रार वेगळी आहे. कात्रणावर वृत्तपत्राचे नाव असे, लेखकाचे असे, बहुधा पुस्तकाच्या प्रकाशकाचे आणि किमतीचेही असे. फोनवर दाखवतात त्या मजकुरात यांतले काहीच नसते. ज्या भाषेत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची सिद्ध केली, त्या भाषेचे वाचक ‘निळ्या मुखपृष्ठाचे ते पुस्तक’ एवढ्या खुणेवर पुस्तक मागतात, याचे मला फार वाईट वाटते.

पांढरी शाई

नावाचा विषय निघालाच आहे, तर मी थांबू शकत नाही. माझी आई दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचत असे, त्याविषयी आणि तिच्या आवडत्या पुस्तकाविषयी मी नऊशे शब्दांचा लेख लिहिला होता. आठ महिन्यांनी तो माझ्या मामेबहिणीने कुटुंबाच्या गटावर टाकला. सुरुवातीचा परिच्छेद कापलेला होता आणि खाली एका दिवंगत, सर्वांच्या लाडक्या विनोदी लेखकाचे नाव होते. हा लेख माझा आहे, यातली आई आपली आत्या आहे, असे मी लिहिले, तेव्हा एका काकांनी माझ्याकडे पुरावा मागितला. माझ्या आईच्या आठवणींसाठी मला पुरावा द्यावा लागला.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, दुवा पाठवा, पूर्ण मजकूर चिकटवू नका. दुवा उघडला की लेखकाचे नाव वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. चिकटवलेला मजकूर तिसऱ्या फोनवर पोहोचेपर्यंत अनाथ झालेला असतो.

पाणंद

ताईंना झाला तो त्रास खरा आहे, पण त्यांचा उपाय मला मान्य नाही. आमच्या वाडीत डोंगराच्या अलीकडे नेटवर्क येते आणि पलीकडे जाते. मजकूर पोहोचतो, दुवा उघडत नाही. उघडला तर आधी वर्गणी भरा, मग वाचा. माझ्या गटातील शेतकरी वाचक वर्गणी कोठून भरतील?

आणि दुवे टिकतात का? युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट असे. त्या काळातील पुस्तक परीक्षणांचे दुवे मी जपून ठेवले होते. आज त्यांतले बहुतेक उघडत नाहीत, आणि जे उघडतात त्यांवर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट पाने उभारू देणारी सेवा बंद झाली, तेव्हा तेथील हौशी मंडळींची कवितांवरची पाने माझ्या संग्रहातून नाहीशी झाली. २०१३ च्या जुलैमध्ये गूगल रीडर बंद झाले आणि ज्या पन्नासेक ठिकाणचे नवे लेख मला आपोआप कळत, त्यांतील अर्ध्यांची वाट मी कायमची चुकलो. माझ्याकडे जे उरले ते कोणीतरी उतरवून घेतलेले होते म्हणून उरले. आपली संतवाणी तरी आपल्यापर्यंत कशी आली? बाडांतून उतरवून घेऊनच ना?

पांढरी शाई

बाडे उतरवणारे ‘तुका म्हणे’ कापून त्या जागी दुसऱ्याचे नाव घालत बसले नव्हते. चोरीला जतनाचे नाव देऊ नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी मोकळे आहे. मी अजून जिवंत आहे. परीक्षणासाठी उतारा घ्यायला कायदाही मुभा देतो आणि मीही देते, पण सबंध लेख उचलणे म्हणजे उतारा नव्हे. दुवा मरेल अशी भीती असेल, तर ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

पाणंद

शहरात बसून कायदा सांगणे सोपे असते. वेबॅक मशीनचे पान आमच्याकडे उघडायला किती वेळ लागतो, हे एकदा येऊन पाहा आणि मग चोरीचा शब्द वापरा.

पांढरी शाई

मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात वीजही जाते. माझ्या गावावरून माझ्या म्हणण्याची किंमत ठरवू नका आणि न विचारता तर मुळीच नको.

नोंदवही

दोघांनीही जरा थांबावे. पाणंद यांच्या फॉन्टच्या मुद्द्यात जोडायचे आहे. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर निरर्थक अक्षरे येतात, म्हणून डोळ्यांना स्वच्छ दिसणारा लेखही शोधयंत्राला सापडत नाही. दिवाळी अंकांतील ग्रंथविषयक लेखांचे असे फार नुकसान झाले आहे. निदान लेखाचे शीर्षक, लेखक, अंक आणि वर्ष एवढे आपण युनिकोडमध्ये टंकून सोबत लिहिले, तरी पुढच्या माणसाला तो लेख सापडेल.

दूरस्थ

मी पंधरा वर्षे आयर्लंडमध्ये राहते. एका पुस्तकाच्या टपालखर्चात दोन पुस्तके येतील, अशी स्थिती आहे. त्यामुळे वर्षातून एकदा येताना पिशवीत काय भरायचे, याची यादी मी अशा लेखांवरूनच करते, आणि यादी चुकली तर पुढची संधी वर्षाने येते. म्हणून एकपान यांच्या तक्रारीतील उत्तरार्ध मला पूर्ण पटतो. भाबडे कौतुक वाचून मी दोनदा फसले आहे आणि ते वजन विमानातून वाहून आणले आहे.

पाणंद

‘शहरात बसून’ हे शब्द मी मागे घेतो. विचारायला हवे होते. मजकूर चिकटवणे मात्र थांबवणार नाही, कारण माझ्या वाचकांना दुसरा मार्ग नाही. यापुढे लेखकाचे नाव वरही लिहीन आणि खालीही, आणि हयात लेखकाला आधी विचारीन. त्यांनी नको म्हटले तर तो लेख माझ्या गटाला मिळणार नाही, हे नुकसान कोणाचे, याचा ताईंनी विचार करावा.

पांढरी शाई

विचारलेत तर मी हो म्हणेन. आजवर मला कोणी विचारलेच नाही.

एकपान

मूळ प्रश्न वाचनाचा होता आणि निम्मी चर्चा नावावर आणि नेटवर्कवर गेली. तरीही एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. खूणपट्टी यांनी उल्लेख केलेली ‘मोचनगड’ मी काल रात्री शोधली. दीडशे वर्षांपूर्वीचे गद्य आज कोणाच्याने वाचवणार नाही, हे दाखवून देण्याचा माझा हेतू होता. चाळीस पाने वाचून झाल्यावर घड्याळ पाहिले. याचा अर्थ माझे म्हणणे चुकले असा होत नाही. सहा लेखांनी माझा दिवस खाल्ला ही वस्तुस्थिती तशीच आहे. पण आठवड्याला एक दुवा आणि तो का पाठवला याच्या चार ओळी, एवढे असेल तर माझी हरकत नाही. मात्र पाठवणाऱ्याने पुस्तक आधी स्वतः वाचलेले असावे, ही अट मी सोडणार नाही.

खूणपट्टी

ही अट मला पाळता येणार नाही. मी कितीतरी लेख अशा पुस्तकांविषयी पाठवतो, जी मला स्वतःला अजून मिळालेली नाहीत, आणि अकरांपैकी कोणाच्या तरी कपाटात ते पुस्तक असेल या आशेनेच पाठवतो. दोनदा ते तसे निघालेही. न वाचलेल्या पुस्तकाचा दुवा पाठवताना ‘हे मी वाचलेले नाही’ असे लिहीन, इतके मी आपल्यासाठी करीन.

नोंदवही यांना एक विचारायचे होते. ‘विविधज्ञानविस्तारा’चे जे अंक मला स्कॅन स्वरूपात मिळाले, त्यांतल्या काहींची ग्रंथपरीक्षणाचीच पाने गहाळ आहेत. मूळ अंक कोठे पाहता येतील?

नोंदवही

गहाळ पानांचे वर्ष आणि अंक कळवा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी महिन्यातून एकदा जातो, तेथे चौकशी करीन आणि अंक असतील तर परवानगी घेऊन पानांची छायाचित्रे काढीन. परीक्षणकर्त्याचे नाव छापलेले असेल तर तेही पानाच्या वर लिहून पाठवीन.